दिव्याआधी अंधार : अतिनील प्रकाशात उजळणारे दगड पाहायला शिकताना

माझ्याकडे कॅल्साइट या खनिजाचा एक तुकडा आहे. विहीर खोदताना सुरुंगाने फुटलेल्या काळ्या पाषाणातून निघालेला, मुठीएवढा, मळकट पांढरा. दिवसा पाहुण्यांची नजर त्याच्यावरून घसरून थेट शेजारच्या हिरव्या अपोफिलाइटवर जाते. रात्री सगळे दिवे घालवून त्यावर अतिनील टॉर्च धरला की तोच तुकडा फिकट गुलाबी उजळतो, आणि टॉर्च बंद केल्यावरही दोन-तीन श्वास विझत नाही. तो देखणा अपोफिलाइट मात्र काळोखात बुडालेला असतो. या एका दगडामुळे मला हा नाद लागला. आता दगड जमवणारं कुणीही भेटलं की मी विचारतो, तुमचे दगड रात्री पाहिलेत का?

महाराष्ट्रात राहणाऱ्याला या छंदासाठी लांब जायला नको. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आपला कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, पोकळ्यांनी भरलेला आहे आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी अशी खनिजं वाढलेली आहेत. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर, अहिल्यानगर या पट्ट्यातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते बहुतेकांनी उजेडातच पाहिलेले असतात.

दगड उजळतो म्हणजे काय होतं

अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण त्यात ऊर्जा भरपूर असते. दगडातले काही अणू ती शोषतात, त्यांचे इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात आणि परत खाली येतात. येताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. याला फ्लुओरेसन्स म्हणतात, मराठीत प्रतिदीप्ती. हे नाव जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 साली फ्लुओराइट या खनिजावरून ठेवलं. दिवा बंद केल्यावरही उजेड रेंगाळत राहिला तर ती स्फुरदीप्ती.

नवख्या माणसाने एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी : बहुतेक वेळा उजळतं ते खनिज नव्हे, त्यातली भेसळ. शुद्ध कॅल्साइट उजळत नाही. त्यात अगदी किंचित मँगनीज शिरलं की तो गुलाबी, नारिंगी किंवा लाल होतो. फ्लुओराइटचा निळा उजेड बहुधा युरोपियम या मूलद्रव्याचा, माणकाचा लाल उजेड क्रोमियमचा. आणि लोह शिरलं की उजेड मरतो. म्हणून एकाच खाणीतले, एकसारखे दिसणारे दोन कॅल्साइट घ्या. एक पेटतो, दुसरा ढिम्म राहतो. बरं, मँगनीज हवं म्हणजे भरपूर हवं असंही नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतलं मँगनीजचं काळं खनिज दिव्याखाली काळंच राहतं. मिठासारखं आहे हे : चिमूटभर लागतं, मूठभर टाकलं की बिघडलं.

दिवसाच्या रंगावरूनही अंदाज बांधता येत नाही. वाघोलीचा निळाशार कॅव्हान्साइट जगप्रसिद्ध आहे, पण अतिनील दिव्याखाली त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

पहिली पायरी : अंधार

लोक आधी दिवा विकत घेतात. मी म्हणेन, आधी अंधार शोधा. शहरात तो मिळत नाही. पडदे ओढले तरी फटीतून रस्त्यावरचा दिवा येतो, राऊटरचे हिरवे ठिपके लुकलुकतात, चार्जरचा लाल डोळा जागा असतो. आमच्या घरात सगळ्यात चांगला अंधार बिनखिडकीच्या बाथरूममध्ये आहे. दाराखालच्या फटीला जुना टॉवेल लावला की काम झालं. तुमच्याकडे माळ्याखालची अडगळ असेल किंवा मोठं कपाट असेल, तेही चालेल.

आत गेल्यावर लगेच दिवा लावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान 10 मिनिटं लागतात, नीट व्हायला 20. या वेळात मोबाईल बघायचा नाही. अंधुक उजळणारे दगड, म्हणजे आपल्याकडचे बरेचसे, याच धीराने दिसतात. दगड काळ्या मॅट कापडावर किंवा काळ्या कार्डशीटवर ठेवा. पांढरा कागद आणि धुतलेला पांढरा कपडा स्वतःच निळा पेटतो आणि दगडाचा उजेड गिळून टाकतो.

दुसरी पायरी : दिवा

अतिनील प्रकाशाचे आपल्या कामाचे मुख्य प्रकार दोन. लाँगवेव्ह, म्हणजे लांब तरंगांचा, ज्यात 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा सर्रास वापरतात, आणि शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड तरंगांचा, जो पाऱ्याच्या वाफेच्या नळीतून 254 नॅनोमीटरला मिळतो. नवख्याने लाँगवेव्हनेच सुरुवात करावी. स्वस्त, टिकाऊ आणि तुलनेने सुरक्षित.

इथे खरेदीत फसगत होते. बाजारात अतिनील म्हणून मिळणारे पुष्कळसे स्वस्त टॉर्च 395 नॅनोमीटरचे असतात. ते जांभळा उजेड ओकतात, सगळा दगड जांभळा दिसतो आणि खरा रंग कुठला ते कळेनासं होतं. माझा पहिला टॉर्च असाच होता. महिनाभर मी जांभळे दगड पाहत होतो आणि हाच तो चमत्कार अशी माझी समजूत होती. म्हणून घेताना दोनच प्रश्न विचारा : 365 आहे का, आणि पुढे काळी फिल्टर काच आहे का? लाँगवेव्हच्या टॉर्चला झेडडब्ल्यूबी-2 नावाची गडद काच येते. ती दिसणारा जांभळा उजेड अडवते आणि अतिनील सोडते. तपासायचं तर अंधारात टॉर्च स्टीलच्या स्वच्छ चमच्यावर मारा. चमचा झगझगीत जांभळा दिसला तर काच नाही किंवा निकृष्ट आहे. जेमतेम दिसला तर दिवा चांगला.

पैसे घालायच्या आधी नुसतं बघायचं असेल तर ओळखीच्या दुकानदाराकडे नोटा तपासायचं छोटं मशिन असतं, त्यातली निळसर नळी लाँगवेव्हचीच असते. दुकान बंद व्हायच्या वेळी दोन दगड घेऊन जा. दुकानदारही उत्सुकतेने वाकून बघतो, हा माझा अनुभव आहे.

शॉर्टवेव्हचा दिवा बराच महाग पडतो, कारण त्याची फिल्टर काच महाग असते आणि वापराने ती हळूहळू मंद होत जाते. पण काही खनिजं फक्त त्याच्याखालीच बोलतात, त्यामुळे वर्षभराने तुम्ही तो घ्यालच. तेव्हा एक चूक करू नका : जंतू मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उघड्या नळ्या या कामाला आणू नका. त्यांना फिल्टर नसतो, त्यामुळे दिसणाऱ्या निळ्या उजेडात दगड हरवतो, आणि चारी बाजूंनी निघणारा शॉर्टवेव्ह डोळे आणि कातडी भाजतो.

डोळे

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. शॉर्टवेव्ह डोळ्यात गेला की लगेच काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री झोपेत, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्याला जे होतं तेच हे. कातडीही उन्हाने भाजल्यासारखी लाल होते. म्हणून शॉर्टवेव्हबरोबर पॉलीकार्बोनेटचा, अतिनील अडवणारा सेफ्टी चष्मा, लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. दिव्याचं तोंड कायम खाली, दगडाकडे. लाँगवेव्हचे आताचे टॉर्चही प्रखर असतात, तेव्हा चष्मा त्यालाही लावाच. चष्म्याचा आणखी एक उपयोग आहे. अतिनील प्रकाशात आपल्या डोळ्यातलं भिंग स्वतः किंचित उजळतं आणि नजरेसमोर धुकं येतं. चष्म्याने ते जातं.

लहान मुलांना जरूर दाखवा, पण टॉर्च त्यांच्या हातात देऊ नका. शॉर्टवेव्ह दाखवायचाच असेल तर दगड आणि दिवा एका खोक्यात ठेवून वर साधी काच लावा. साधी काच शॉर्टवेव्ह अडवते आणि रंग मात्र आरपार येतो.

तिसरी पायरी : स्वयंपाकघरात सराव

दगडांआधी घरातल्या वस्तूंवर डोळा तयार करा. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवून लाँगवेव्ह मारा, हिरवट पिवळा लखलखाट दिसेल. पालकाची दोन पानं स्पिरिटमध्ये खलून गाळून घ्या. हिरवं पाणी रक्तासारखं लाल उजळतं, तो हरितद्रव्याचा उजेड. टॉनिक वॉटर निळं दिसतं, ते त्यातल्या क्विनाइनमुळे. नोटेवरचे एरवी न दिसणारे बारीक तंतू जागे होतात. कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणाची रसायनं असतात, म्हणून ती निळी-पांढरी पेटते.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण दगडावरचे निळे-पांढरे ठिपके नव्वद टक्के वेळा खनिज नसून कापडाचा तंतू, साबणाचा अंश किंवा डिंक असतो. मी आधी मऊ ब्रशने दगड झटकतो, मग भिंगातून ठिपक्याकडे बघतो. तंतू असेल तर फुंकरीने हलतो.

चौथी पायरी : कुठले दगड?

कॅल्साइटपासून सुरुवात करा. आपल्याकडे तो मुबलक आहे, स्वस्त आहे आणि त्याचे स्वभाव अनेक : कधी दुधी, कधी गुलाबी, कधी पिवळसर, कधी काहीच नाही. पाच-सहा ठिकाणचे लहान लहान तुकडे जमवा आणि एका ओळीत मांडून बघा. एका महागड्या नमुन्यापेक्षा ही ओळ जास्त शिकवते.

दुसरा, आणि माझ्या मते आपल्या मातीचा मानकरी, पॉवेलाइट. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं हे खनिज इतरत्र बहुतेक ठिकाणी बारीक कणांत किंवा पापुद्र्यासारखं सापडतं, पण नाशिक आणि जळगाव भागातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत त्याचे नखाएवढे आणि त्याहून मोठे मधाच्या रंगाचे स्फटिक मिळाले. जगातले उत्तम पॉवेलाइट म्हणून तेच दाखवतात. शॉर्टवेव्हखाली तो सोनेरी पिवळा पेटतो. पांढऱ्या स्टिलबाइट या झिओलाइटच्या गर्दीत बसलेला पॉवेलाइटचा एकच स्फटिक, आणि सगळा दगड काळा होऊन तेवढा एकच ठिपका पिवळा जळतोय, हे दृश्य एकदा पाहावंच. किंमत जास्त असते, म्हणून घाई नको. आधी संग्राहकाकडे पाहा.

त्याचाच भाऊबंद शीलाइट. हे टंगस्टनचं खनिज शॉर्टवेव्हखाली निळं-पांढरं उजळतं, आणि त्यात मॉलिब्डेनम वाढत गेलं की रंग पिवळ्याकडे सरकतो. जगभरचे भूवैज्ञानिक शॉर्टवेव्हचा दिवा घेऊन रात्री कातळ पालथे घालतात ते याच्यासाठी, कारण दिवसा शीलाइट साध्या गारगोटीसारखा दिसतो आणि सहज निसटतो. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनचे साठे आहेत आणि त्यांत शीलाइटही आहे.

कॅल्सेडनी आणि ओपल शॉर्टवेव्हखाली कधी कधी पोपटी हिरवे उजळतात. ती युरेनियमच्या अत्यल्प अंशाची करामत. इतक्या अंशाने काही बिघडत नाही. मात्र ऑट्युनाइटसारखं खरंखुरं युरेनियमचं खनिज कुणी झगझगीत हिरवं दाखवून विकायला लागलं तर नवख्याने ते घरात आणू नये.

याशिवाय माणिक आहे : लाँगवेव्हखाली निखाऱ्यासारखं लाल, पण लोह जास्त असलेलं माणिक फिकं पडतं. सोडालाइटचे काही प्रकार नारिंगी पेटतात. ते आपल्या बेसाल्टमधले नाहीत, विकतच घ्यावे लागतील.

खुद्द बेसाल्ट दिव्याखाली काळाच राहतो. ही तक्रार नव्हे. हिऱ्याच्या मागे काळं मखमल ठेवतात तसा तो आपल्या कॅल्साइटच्या मागे उभा असतो.

पाचवी पायरी : दगड मिळवणं

खडीच्या क्रशरवर, विहिरीच्या नाहीतर रस्त्याच्या खोदकामावर चांगला माल निघतो. मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. सुरुंगाची वेळ, सैल झालेली कड, पावसाळ्यात सुटलेले दगड, हे सगळं तिथल्या कामगारांना ठाऊक असतं, आपल्याला नसतं. त्यांच्याशी बोला. पोकळी कुठे लागली हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. लेणी आणि किल्ल्यांच्या कातळाला मात्र हात लावायचा नाही. संरक्षित स्मारकांवर 1958 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

रात्री उघड्यावर टॉर्च घेऊन फिरलात तर विंचू दिसतील. अतिनील प्रकाशात त्यांचं कवच हिरवट निळं उजळतं, चार-पाच मीटरवरूनही ओळखू येतं. कोकणात आणि देशावर हे विशेष जपावं. घोट्यापर्यंत बूट घाला, आणि दगड हाताने नव्हे तर काठीने उलटा.

विकत घेणार असाल तर अतिनील टॉर्च खिशात ठेवाच. अजिंठ्याच्या वाटेवर आणि प्रदर्शनांत भडक गुलाबी, निळे, हिरवे पोकळीचे दगड मिळतात. त्यातले केसाळ गोंडे ओकेनाइटचे असतात आणि ओकेनाइट पांढराच असतो. रंग ओतलेला असतो, आणि तसले रंग अतिनीलखाली अनेकदा नियॉनच्या पाटीसारखे पेटतात. कापसाचा ओला बोळा कोपऱ्यावर फिरवला की बोळ्यावरही उतरतात. दुसरी खूण डिंकाची. तुटलेला अपोफिलाइट स्टिलबाइटवर परत चिकटवला असेल तर जोडावर बारीक निळी-पांढरी रेघ दिसते. एकदा मला एक सुंदर गुच्छ आवडला होता. टॉर्च लावला आणि तिन्ही स्फटिकांच्या बुडाशी निळं कडं. विकणाऱ्याला ते दाखवलं, त्याने शांतपणे किंमत उतरवली. चिकटवलेला दगड घेऊ नये असं नाही, पण माहीत असून घ्यावा.

धुणं

साधं पाणी आणि मऊ टूथब्रश. कॅल्साइटला लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर लावू नका; आम्लाने तो फसफसून विरघळतो, झळाळी जाते. ओकेनाइटला पाणीही लावू नका, त्याचे केस चिकटतात आणि परत फुलत नाहीत. साबण वापरलाच तर भरपूर पाण्याने खळबळा, नाहीतर संध्याकाळी दिव्याखाली साबणाचाच अभ्यास होईल.

नोंद, आणि एक सावधगिरी

उजेडाच्या रंगावरून खनिजाचं नाव ठरवायला जाऊ नका. गुलाबी उजळला म्हणजे कॅल्साइट, असं नसतं. कॅल्साइट ओळखायला त्याचे तिरके, समांतर फुटणारे पृष्ठ बघा, लोखंडी खिळ्याने ओरखडा पडतो का बघा, मागच्या कोपऱ्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाकून बुडबुडे येतात का बघा. उजेड ही पुरवणी साक्ष.

स्फुरदीप्ती तपासायची एक युक्ती आहे. चष्मा घालून दिवा दगडावर धरा, डोळे घट्ट मिटा, 10 सेकंद मोजा, दिवा बंद करा आणि त्याच क्षणी डोळे उघडा. मिटलेले डोळे दिपलेले नसतात, म्हणून एरवी निसटून जाणारा मंद उजेडही दिसतो. मग मनात आकडे मोजत राहा.

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी मंडळींचा मला हेवा वाटतो. त्यांच्या राज्यात फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या जस्ताच्या खाणी आहेत. पहिली 1954 मध्ये बंद झाली, दुसरी 1986 मध्ये. आता दोन्हीकडे संग्रहालयं आहेत. तिथला विलेमाइट हिरवा आणि कॅल्साइट लाल, दोन्ही एकाच दगडात, शॉर्टवेव्हखाली असे पेटतात की पहिल्यांदा बघणारा माणूस बोलायचा थांबतो. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर येताना चहाच्या बशीएवढा एक तुकडा आणायला सांगा.

तुमची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. दगडाच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला. ठिपका न दिसणाऱ्या बाजूला, आणि हा रंग दिव्याखाली कसा दिसतो तेही एकदा बघून ठेवा. ठिकाण त्याच दिवशी लिहा. गाव न लिहिलेला दगड दोन वर्षांनी अनाथ होतो. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे :

क्र. 1. कॅल्साइट, बेसाल्टच्या पोकळीतून, विहिरीचं खोदकाम, अंदाजे 40 फूट खोल. दिवसा मळकट पांढरा. लाँगवेव्ह 365, फिल्टरसह, एक वीत अंतरावरून : फिकट गुलाबी, कडेला जास्त, मधोमध कमी. दिवा बंद केल्यावर पांढरट उजेड, 5 आकडे मोजेपर्यंत. शॉर्टवेव्ह : अजून पाहिलेलं नाही.

शेवटच्या ओळीपुढे नंतर निळ्या शाईत लिहिलंय : पाहिलं. तोच गुलाबी, पण दुप्पट गडद, आणि मधोमध एक हिरवी शीर, जी आजवर दिसली नव्हती. कॅल्सेडनी असावी.